गिझरचा प्लग पुन्हा पुन्हा जळतोय? नवा लावण्याआधी भार टाकून मोजा

"मिस्त्री, परत वास यायलाय."

एवढं बोलून अण्णांनी फोन ठेवला. कसला वास हे विचारायची गरज नव्हती. सोलापुरात होम मैदानावर गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते, पहाटेची थंडी होती, घरोघरी गिझर चालू होते. अशा दिवसांत मला येणाऱ्या दहा फोनांपैकी तीन-चार तरी जळक्या प्लगचेच असतात.

पूर्व भागातलं नेहमीचं घर. खाली टॉवेलचे चार माग, वर बिऱ्हाड, मागच्या बाजूला बाथरूम आणि त्यात पंधरा लिटरचा, २००० वॅटचा गिझर. चौदा महिन्यांत त्याचा प्लग तीनदा जळला. पहिल्या वेळी शेजारच्या पोराने बदलून दिला. दुसऱ्या वेळी मी बदलला. १६ अँपिअरचा चांगला टॉप आणला, स्क्रू आवळले, टेस्टर लावला, पेटला, मल्टिमीटरवर २३० च्या आसपास आकडा आला, पैसे घेतले आणि निघालो. म्हणजे आता तिसऱ्यांदा जो जळला होता तो माझा प्लग. खाली जे लिहितोय ते मी तेव्हाच करायला हवं होतं.

अण्णांनी दारातच ऐकवलं, "दरवेळेला प्लग बदलून द्यायलाव, पैसे घ्यायलाव, अन् परत तेच. गिझरच खराब हाय काय?" आतून अक्कांची वेगळी तक्रार आली. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो म्हणे. ही दुसरी तक्रार मी मागच्या वेळी कानाआड केली होती. खरं तर सगळा उलगडा तिच्यातच होता.

ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांनी आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकावी, ती म्हणजे "एमसीबी पडली नाही, म्हणजे वायरिंग ठीक आहे." एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, ती फक्त करंट बघते. करंट जास्त झाला तर पडते. प्लगच्या पिनेला पकड सैल असेल तर वाटेत रोध वाढतो आणि रोध वाढला की करंट उलट थोडा कमीच होतो. एमसीबीच्या हिशेबाने सगळं छान चाललेलं असतं आणि तिकडे प्लग काळा पडत असतो. आरसीसीबीचंही तसंच. करंट जमिनीत गळत असेल तर ती पडेल, इथे तर काहीच गळत नाही. जळक्या पिनेवर ओरडणारं कुठलंही यंत्र तुमच्या बोर्डात नाही. ओरडतं ते फक्त नाक.

रिकाम्या प्लगवर मोजलेलं व्होल्टेज फसवतं

मागच्या वेळी मी गिझर बंद ठेवून सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजलं होतं. ते बरोबर येणारच. करंट वाहत नसेल तर वाटेतल्या रोधावर काहीच व्होल्टेज पडत नाही, मग जोड कितीही कुजका असो. मीटर स्वतः इतका किंचित करंट घेतो की त्याला तो जोड जाणवतही नाही. टेस्टरची तर गोष्टच सोडा. त्याच्या पोटात मोठा रेझिस्टर असतो आणि तो पेटायला नावाला करंट लागतो. एका तंतूवर लोंबकळणारी वायरसुद्धा टेस्टर पेटवते.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे हे सोलापूरकराला समजवायला सोपं जातं. पाइप आतून गंजून बुजला असला तरी तोटी बंद असताना तोटीपाशी दाब पुरेपूर असतो. तोटी उघडली की धार करंगळीएवढी. पाइपचं खरं रूप तोटी उघडल्यावर कळतं, तसं वायरचं खरं रूप गिझर चालू केल्यावर.

म्हणून यावेळी दोन आकडे एकाच वेळी घेतले. गिझर चालू असताना त्याच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि त्याच क्षणी वायरमधला करंट. करंटसाठी टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर. त्याचा चिमटा एकाच वायरभोवती घालायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर आकडा शून्य येतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. मीटर बिघडला म्हणून दुकानात परत घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

इथे थांबून एक ताकीद. गिझरचं झाकण उघडून चालू लाइनवर मोजणं हे घरच्या माणसाचं काम नाही. परवानाधारक वायरमनला बोलवा. तोही शहाणा असेल तर मेन बंद करून मीटरच्या क्लिपा लावेल, मग मेन चालू करून हात लांब ठेवून आकडा वाचेल. आणि साध्या मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना तो व्होल्टेज मोजायला कधीही लावू नका. तो सरळ शॉर्टच होतो. घरच्या माणसाला करता येईल अशी बिनधोक तपासणी शेवटी सांगतो.

गिझर निर्दोष कसा सुटला

गिझर बंद असताना टर्मिनलवर २२८ व्होल्ट. चालू केल्यावर २०९ व्होल्ट आणि ७.९ अँपिअर.

आता शाळेतलं सूत्र. ओहमने १८२७ साली मांडलं, दोनशे वर्षं होत आली, अजून बदलावं लागलेलं नाही. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध. २०९ भागिले ७.९, उत्तर जवळजवळ २६.४५ ओहम.

गिझरच्या पट्टीवर काय लिहिलंय? २३० व्होल्ट, २००० वॅट. त्यावरून त्याचा रोध किती असायला हवा तेही काढता येतं. व्होल्टेजचा वर्ग करून वॅटने भागायचं. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, भागिले २०००, उत्तर २६.४५. दोन्ही आकडे जुळले. कॉइल ठणठणीत आहे, गिझर बदलायची गरज नाही, हे तिथल्या तिथे अण्णांना सांगितलं. तोंडावर विश्वास दिसला नाही, पण चार हजारांचा खर्च वाचल्याचं समाधान दिसलं.

मग पाणी उशिरा का तापतं? पॉवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. २०९ गुणिले ७.९ म्हणजे १६५१ वॅट. २००० च्या गिझरला १६५१ च मिळतात. व्होल्टेज २३० वरून २०९ झालं म्हणजे ९ टक्केच कमी, पण पॉवर १७ टक्के कमी, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो आणि गुणाकारात दोघांचा मार बसतो. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला २००० वॅटला साधारण १८ मिनिटं लागतात, १६५१ ला २२. अक्का बरोबर सांगत होत्या.

हाच हिशेब उलटाही चालतो. रात्री आजूबाजूचे माग बंद झाले आणि व्होल्टेज २५० वर चढलं तर हाच गिझर ९.४५ अँपिअर आणि २३६० च्या आसपास वॅट घेईल. पट्टीवरचा २००० हा आकडा फक्त २३० व्होल्टसाठीच खरा आहे.

आता मुद्द्याचा आकडा. २२८ मधून २०९ गेले, १९ व्होल्ट उरले. हे १९ व्होल्ट वाटेत कुठेतरी पडताहेत. त्यांना ७.९ ने गुणलं की १५० वॅट. दीडशे वॅटची उष्णता पाण्यात न जाता वायरीत, भिंतीत, बोर्डात आणि प्लगमध्ये जातेय. ती सगळीकडे सारखी पसरली असती तर काही बिघडलं नसतं. ती कुठे साचतेय हे शोधायचं होतं.

फेजपासून फेजपर्यंत मोजा

ही पद्धत नव्या पोरांना फारशी कोणी शिकवत नाही. आपल्याला सवय फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजायची. पण व्होल्टेज कुठे हरवतं हे बघायचं असेल तर एकाच वायरच्या दोन टोकांत मोजावं. पंचवीस मीटर लांब एक सुटी वायर घेतली, तिच्या टोकाला क्लिप लावली. मेन बंद. वायरचं एक टोक एमसीबीच्या बाहेर जाणाऱ्या स्क्रूवर, दुसरं टोक मीटरला, मीटरची दुसरी क्लिप बाथरूमच्या सॉकेटमागच्या फेजच्या स्क्रूवर. मेन चालू. गिझर बंद असताना मीटर शून्य दाखवतो, कारण दोन्ही टोकं एकाच वायरची. गिझर चालू केला की त्या वायरीत जेवढं व्होल्टेज पडतं तेवढंच मीटरवर दिसतं. मग हाच प्रकार न्यूट्रलवर, आणि शेवटी सॉकेटच्या स्क्रूपासून प्लगच्या आतल्या स्क्रूपर्यंत.

आकडे असे आले:

मेन बोर्डाच्या आधीच, म्हणजे रस्त्याकडून येणाऱ्या लाइनवर: २ व्होल्ट
बोर्ड ते सॉकेट, फेजची वायर: ७.६ व्होल्ट
बोर्ड ते सॉकेट, न्यूट्रलची वायर: ३.४ व्होल्ट
सॉकेट ते प्लग, फेजची पिन: ६ व्होल्ट

न्यूट्रलच्या पिनेवर नोंद करण्याजोगं काही नव्हतं. गिझरची स्वतःची वायर आखूड, तिचाही हिशेब धरला नाही. बेरीज केली तर १९.

आधी पिन बघू. ६ व्होल्ट गुणिले ७.९ अँपिअर, म्हणजे ४७ वॅट. आकडा छोटा वाटतो. पण आमच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याने कथील पाण्यासारखं वितळतं. इथे जवळपास दोन सोल्डरिंग आयर्नची उष्णता एका पितळी पिनेच्या टोकाशी, बंद प्लॅस्टिकच्या डबीत, रोज पाऊण तास. प्लग जळणार नाही तर काय होईल? रोध किती, तर ६ भागिले ७.९, पाऊण ओहम. फक्त पाऊण ओहम. मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा दोष पकडायला गेलात तर मीटरच्या वायरींचाच रोध पाव-अर्धा ओहम भरतो आणि पकड कधी बसते कधी नाही, त्यामुळे हाती काही लागत नाही. मोठा करंट वाहवून व्होल्टेज मोजलं की तोच पाऊण ओहम सहा व्होल्ट होऊन समोर उभा राहतो.

आता माझी चूक. मागच्या वेळी मी प्लग बदलला, सॉकेट तसंच ठेवलं. सॉकेटच्या आतल्या पत्त्यांची पकड एकदा तापून गेली की परत येत नाही. त्यांचा ताव निघून जातो. वरून काळपट थर चढतो, त्याने रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं, तापलं की थर आणखी जाड. नवा कोरा प्लग या सैल, काळ्या तोंडात खुपसला तर तो पहिल्या दिवसापासूनच मरायला लागतो. जळका प्लग आणि त्याचं सॉकेट ही जोडी आहे, बदलायची तर दोन्ही बदला. शिवाय काळी पडलेली वायर जिथपर्यंत कडक आणि बेरंग झालीय तिथपर्यंत कापून टाकायची आणि लखलखीत तांबं दिसेल तिथे स्क्रू लावायचा. वायर आखूड पडते म्हणून तीच काळी टोकं चाकूने खरवडून वापरणाऱ्यांत मीही होतो.

मग फेजच्या वायरीकडे वळलो. मला त्या दिवशी खरी मजा इथे आली.

फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून जातात, लांबी सारखी, जाडी सारखी. मग दोन्हींवर पडणारं व्होल्टेज सारखंच हवं. न्यूट्रलवर ३.४ आणि फेजवर ७.६? फेजवर ४.२ व्होल्ट जास्तीचे आहेत. याचा अर्थ भिंतीत फेजच्या वायरला कुठेतरी जोड आहे आणि तो कुजलाय. ४.२ गुणिले ७.९ म्हणजे ३३ वॅट. आणखी एक सोल्डरिंग आयर्न, हे मात्र भिंतीच्या आत, जिथे वाससुद्धा पटकन बाहेर येत नाही.

अण्णा म्हणाले, "जोड नाही हो कुठं. सलग वायर टाकलीय म्हणाला होता."

खालच्या कारखान्याच्या छताजवळ पाइपला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोडतुकडा होता, वर चुना मारलेला. झाकण काढलं. आत वायर पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप वितळून डांबरासारखी झालेली आणि त्यावर कापसाची बोटभर फूस. मागाच्या कारखान्यात ही फूस सगळीकडे बसते, पंख्यावर, ट्यूबवर, बोर्डाच्या फटीत. उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि ठिणगी मिळाली तर पेटायला तयारच असते. ते बघून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

उरलेल्या ३.४ व्होल्टनेही एक गोष्ट उघड केली. ३.४ भागिले ७.९ म्हणजे ०.४३ ओहम, २० मीटरला. मीटरला पाडलं तर हजार मीटरला साडेएकवीस ओहम. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम लवचीक वायरचा रोध २० अंशांला हजार मीटरला १९.५ ओहम असतो. वायर तापून ४५ अंशांवर गेली की तो साधारण १० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे साडेएकवीसच्या जवळ. अडीच एमएमची वायर असती तर हजार मीटरला ८ ओहमच्या आसपास, म्हणजे २० मीटरवर जेमतेम सव्वा व्होल्ट पडला असता. भिंत न फोडता कळलं की आत एकची वायर आहे. अण्णांनी कपाटातून जुनं बिल काढलं. त्यावर अडीच लिहिलेलं. ठेकेदार कोण होता ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

एवढा मोठा करंट म्हणून एवढं रामायण

जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणून तोच कुजका जोड ट्यूबलाइटच्या लाइनवर दहा वर्षं बिनबोभाट राहतो आणि गिझरच्या लाइनवर चार महिन्यांत वास मारतो.

हाच नियम मोठ्या मापात बघायचा तर आपल्या गावाबाहेर बघा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि दक्षिणेची वीजव्यवस्था उरलेल्या देशाशी एका तालात जोडली गेली. ७,६५,००० व्होल्ट कशासाठी? समजा १००० मेगावॅट पाठवायचे आहेत. थ्री फेजच्या हिशेबाने ७६५ किलोव्होल्टला प्रत्येक तारेत साधारण ७५५ अँपिअर लागतात. तीच वीज कारखान्यातल्या ४१५ व्होल्टवर पाठवायची म्हटली तर जवळपास १४ लाख अँपिअर. तेवढा करंट वाहणारी तार कुठून आणणार? व्होल्टेज चढवलं, करंट उतरला, उष्णता त्याच्या वर्गाने उतरली. अण्णांना हे ऐकवलं तर ते म्हणाले, "मग माझ्या घरालाबी तसंच द्या की." चहा तेवढ्यात आला, बरं झालं.

दुरुस्तीनंतर

नवी ४ स्क्वेअर एमएमची वायर सलग टाकली, मधे एकही जोड नाही. सॉकेट, प्लग दोन्ही नवे. वायरच्या टोकांना लग, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवले. टी मोकळी करून फूस झाडली. मग पुन्हा तेच दोन आकडे.

गिझर बंद असताना २२८. चालू केल्यावर २२४ व्होल्ट, ८.४७ अँपिअर. रोध तोच, २६.४५. पॉवर १८९७ वॅट. बोर्डापासून गिझरपर्यंत पडणारं व्होल्टेज सतरावरून दोनच्या आत आलं. सोळा वॅटची उष्णता आता दोन्ही वायरी मिळून चाळीस मीटरवर पसरते, ती कुणाला जाणवतही नाही. करंट वाढला हे बघून अण्णांचा मुलगा घाबरला होता. करंट वाढला म्हणजे बिघाड, असं त्याच्या डोक्यात. त्याला समजावलं की गिझरला त्याचा हक्काचा करंट आत्ता मिळायला लागलाय.

पैशाचं म्हणाल तर नुकसान किरकोळच होतं. बोर्डाच्या पुढे वाया जाणारे १३४ वॅट, रोज तासभर धरले तरी महिन्याला चार युनिट. बिल वाचवण्यासाठी कोणी हे करू नये. टीच्या आतली ती फूस डोळ्यासमोर आणा आणि त्यासाठी करा.

घरच्या माणसाने काय बघावं

गिझर दहा मिनिटं चालवा, स्विच बंद करा आणि मग प्लगला हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर त्या दिवसापासून गिझर बंद. गिझर चालू करताना बाथरूममधला बल्ब मंदावतो का तेही बघा.

दुसरी तपासणी बोर्डाला हात न लावता होते. विजेच्या डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर चालू ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून लुकलुकणं मोजा. मोजलेल्या आकड्याला ६०,००० ने गुणून ३२०० ने भागा, उत्तर वॅटमध्ये. अण्णांकडे दुरुस्तीआधी मिनिटाला ९५ आले होते, म्हणजे १७८० च्या आसपास वॅट. पट्टीवर २००० असताना मीटरवर बरेच कमी दिसत असतील तर एकतर व्होल्टेजच कमी येतंय किंवा वाटेत काहीतरी अडतंय, एवढं कळतं. कुठे अडतंय ते मात्र यातून कळत नाही. मोजताना गिझरचा दिवा लागलेला असू द्या, नाहीतर थर्मोस्टॅट कट झालेला असेल आणि तुम्ही चुकून चालू राहिलेल्या फ्रिजचे लुकलुक मोजत बसाल.

आणि एक. गिझर चालू केल्यावर घरातल्या दुसऱ्या खोलीतला दिवा मंद होण्याऐवजी जास्त प्रखर झाला, तर थ्री फेजच्या घरात न्यूट्रल सैल असण्याची दाट शक्यता. तिथे मोजत बसू नका. मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. अशा वेळी एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्ट चढतात आणि टीव्ही, फ्रिज एका झटक्यात जातात.

मोटरला हे सूत्र लावू नका

निघताना अण्णांच्या मुलाने विचारलं, असंच मागाच्या मोटरचं मोजता येईल का? त्याने मोबाइलवर सूत्र शोधलं होतं, व्होल्टेज भागिले करंट केलं होतं आणि आलेला रोध मल्टिमीटरवरच्या रोधाशी जुळेना म्हणून मोटर जळाली असं ठरवलं होतं. मोटर चांगली होती.

गिझर, इस्त्री, हीटर यांत नायक्रोमची कॉइल असते आणि तिचा रोध गरम झाल्यावर फारसा बदलत नाही. म्हणून गार असताना ओहमवर मोजलेला आकडा आणि चालू असताना भागाकाराने आलेला आकडा जवळपास जुळतात. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये जुळत नाहीत. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम असतो आणि गार असताना चाळीसच्या आसपास. मोटरमध्ये तर गोष्टच निराळी. फिरणारी मोटर लाइनला उलटा दाब देते, म्हणून तिचा करंट नुसत्या वायंडिंगच्या रोधाने ठरत नाही. पॉवरसाठी पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातल्या खऱ्या कामाच्या वाट्याने, गुणावं लागतं आणि थ्री फेज असेल तर १.७३२ ने. एक हॉर्सपॉवरची मोटर ४१५ व्होल्टला १.८ अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.७५ असेल, तर १.७३२ गुणिले ४१५ गुणिले १.८ गुणिले ०.७५, म्हणजे ९७० वॅट. त्यातले ७४६ शाफ्टवर, बाकीचे गरम होण्यात. मोटरचं वायंडिंग तपासायचं तर तिन्ही फेजचे रोध एकमेकांशी ताडून बघा. तीन सारखे आले की निम्मं काम झालं. बॉडीला गळती आहे का ते मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने बघायचं.

महिन्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या निमित्ताने पुन्हा गेलो. खाली चारही माग धडाडत होते, जिना हादरत होता. मेन पाडून सॉकेटचे स्क्रू तपासले. फेजचा स्क्रू पाव फेरा आवळला गेला.

"आता हे दर सहा महिन्याला बघायचं," मी म्हणालो.

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तारखेला गोल केला आणि मला विचारलं, "याचे पैसे किती?"